फुलपाखरांची वही

श्रावण सरत आला म्हणजे भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर तेरडा फुलतो. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी, नीरेच्या काठी, शेतांच्या बांधांवर फुलपाखरे भिरभिरू लागतात. ती पाहून कोणाला आनंद होत नाही? परंतु पाहणे वेगळे आणि पाहिलेले लिहून ठेवणे वेगळे.

“पूर्वी येथे फुलपाखरे पुष्कळ असत,” असे वडील माणसे सांगतात. पुष्कळ म्हणजे किती? कोणती? कोणत्या महिन्यात? याचे उत्तर आठवण देऊ शकत नाही. वही देऊ शकते. ब्रिटनमध्ये १९७६ सालापासून हौशी निरीक्षक ठरलेल्या वाटेने दर आठवड्याला चालतात व दिसलेली फुलपाखरे मोजतात. कोणती जात घटत चालली आहे, हे अभ्यासकांना त्या साध्या आकड्यांवरून कळते.

मुलांनो, अशी वही आपणही ठेवू शकतो. तीत तारीख, वेळ, जागा, हवामान, फुलपाखराची जात आणि संख्या लिहावी. जात ओळखता आली नाही, तर अंदाजाने नाव न लिहिता पंखांचे रंग व ठिपके यांचे चित्र काढावे. एकही फुलपाखरू दिसले नाही, तर तेही लिहावे. शून्य हीसुद्धा नोंदच होय. मात्र फुलपाखराला पकडू नये.

सर्वांत मोलाची नोंद झाडाची. फुलपाखरू मध अनेक फुलांतील पिते. पण त्याची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. नारिंगी पंखांच्या ‘प्लेन टायगर’ची अळी रुईवर वाढते. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ‘ब्लू मॉर्मन’ची, म्हणजे राणी पाकोळीची, अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. बांधावरची रुई निरुपयोगी म्हणून उपटली किंवा वणव्यात रानलिंबे जळाली, तर फुले कितीही फुलोत, पुढची पिढी जन्मणार कोठे?

म्हणून अळी ज्या झाडावर दिसली, त्याचे नाव व जागा अवश्य लिहावी. काय राखावयाचे, हे ठाऊक असेल तरच ते राखता येते. ज्याची नोंदच नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला कळत नाही.

स्वाध्याय
१. शून्य हीसुद्धा नोंद का म्हणावी?
२. रुई उपटल्याने फुलपाखरांची कोणती हानी होते?
३. एक ठरावीक वाट निवडून चार आठवडे फुलपाखरांची नोंद ठेवा.