आधी रिस्टोअर करून बघ

चि. मुग्धा,


सर्व्हरांच्या बॅकअपचं काम तुझ्याकडे आलं, आता टूल कोणतं घेऊ, असं तू विचारलंस. घेण्याआधी एवढं कर: एका फोल्डरचा बॅकअप घे आणि तो दुसऱ्याच मशीनवर रिस्टोअर करून बघ. मध्यरात्री, हात थरथरत असतानाही जे तुला जमेल, ते टूल तुझं.

मी हे फार उशिरा शिकलो. पहिल्या नोकरीत दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवायला रोज रात्री आरसिंक चालायचं, डिलीटचा पर्याय लावून. एका संध्याकाळी माझ्याच हातून हिशेबाचं फोल्डर पुसलं गेलं आणि मला कळलंही नाही. रात्री आरसिंकने ते दुसऱ्या डिस्कवरूनही पुसलं. त्याचा काही दोष नव्हता. आरसिंक हे ट्रिजेल आणि मॅकेरस यांचं १९९६ चं काम. फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायची त्यातली युक्ती मला आजही सुंदर वाटते. पण नुसतं आरसिंक म्हणजे आरसा. काल काय होतं, ते आरशाला विचारून उपयोग नाही.

जुन्या तारखा हव्यात, तर बोर्ग किंवा रेस्टिक. दोन्ही फाइलींचे तुकडे करतात आणि सारखा तुकडा एकदाच साठवतात, त्यामुळे महिनाभराच्या प्रतींनाही डिस्क पुरते. एसएसएचवरून आपल्याच दुसऱ्या मशीनवर पाठवायचं असेल तर मी बोर्ग घेईन, क्लाउडवर ठेवायचं असेल तर रेस्टिक. रेस्टिकचा पासवर्ड हरवला की सगळं गेलं. तो कागदावर लिहून ऑफिसच्या तिजोरीत ठेव. वर्षानुवर्षं कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी मात्र साधं टार. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून ते युनिक्समध्ये आहे, कुठेही उघडतं.

चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नकोस, आधी डम्प काढ. आणि तो खरंच निघतोय ना, ते डोळ्यांनी बघ. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. डम्पचं टूल जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे डम्प निघतच नव्हते, आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, म्हणून त्याआधीचं सगळं वाचलं.

शनिवारी घरी ये. जुना लॅपटॉप पुसून ठेवतो. तुझ्या बॅकअपमधून एक फोल्डर त्यावर आणून दाखव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा