शिरोभिघात आणि अतिदाब प्राणवायू चिकित्सा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा या मार्गाची चर्चा देशभर झाली. अशा अपघातांतील रुग्ण प्रथम वापी किंवा मुंबईस नेला जातो. प्राण वाचतात, परंतु शिरःशूल, विस्मरण, अनिद्रा व चिडचिड घेऊन तो वेवजीसारख्या आपल्या गावी परततो आणि मग वैद्याकडे येतो. ‘ऑक्सिजनच्या पेटीत ठेवल्याने मेंदू सुधारतो काय?’ हा नातेवाइकांचा प्रश्न आता आपणांस नवा राहिलेला नाही. उत्तर देण्यापूर्वी त्यामागील संशोधन पाहणे आवश्यक आहे.

या चिकित्सेत बंद कक्षातील दाब वाढवून रुग्णास शुद्ध प्राणवायू दिला जातो. साध्या हवेत १०० मि.ली. रक्ताच्या द्रवभागात केवळ ०.३ मि.ली. प्राणवायू विरघळतो, तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास हे प्रमाण सुमारे ६ मि.ली. होते. पाणबुड्यांचा दाबविकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेही पायाच्या काही जखमा यांत ही चिकित्सा मान्यताप्राप्त आहे. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असा कक्ष आहे.

मेंदूच्या जुन्या आघातासाठी तिचा पुरस्कार करणाऱ्यांत इस्रायलचे डॉ. शाय एफ्राती अग्रणी होत. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने ५६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आघात सौम्य, पण एक ते पाच वर्षांपूर्वीचा. लक्षणे मात्र कायम. दीडपट दाबाखाली, प्रत्येकी एक तासाच्या ४० बैठकांनंतर स्मृती व एकाग्रता सुधारल्याचे आणि मेंदूच्या चित्रणातही फरक दिसल्याचे त्यांनी नोंदविले. जखमेभोवतीच्या काही पेशी मृत नसून केवळ निष्क्रिय असतात, त्यांना जागे करता येते, असा त्यांचा विचार. तो आकर्षक आहे, हे आम्ही मान्य करतो. तथापि तुलनेच्या गटास त्या काळात कोणतीही चिकित्सा, खोटीसुद्धा, दिलेली नव्हती.

अमेरिकी सैन्याच्या अभ्यासांत ही उणीव भरून काढली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ सैनिकांच्या अभ्यासात एका गटास प्राणवायू, दुसऱ्यास किंचित दाबाची साधी हवा व तिसऱ्यास केवळ नेहमीचे उपचार मिळाले. कक्षात बसलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सुधारले. परंतु त्या दोहोंत फरक आढळला नाही. किंचित दाबही औषधच ठरतो, असा प्रतिवाद न्यू ऑर्लिन्सचे डॉ. पॉल हार्च करतात. आमच्या मते सिद्धतेचा भार अद्याप पुरस्कर्त्यांवरच आहे.

येथे आपण हसू नये. शिरोधारेने रुग्णास बरे वाटते ते तैलामुळे, धारेमुळे, की रोज तासभर कोणीतरी आस्थेने शुश्रूषा करते म्हणून? चरकाने शिर हे त्रिमर्मांत गणले, उत्तमांग म्हटले. पण म्हणून आपल्या उपक्रमांची परीक्षा टळत नाही.

तीव्र अवस्थेतील गंभीर आघाताची गोष्ट निराळी. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार या चिकित्सेने मृत्यूचे प्रमाण घटते. वाचलेल्यांचे पुढील जीवन स्वावलंबी होते, असे मात्र ठामपणे सांगता येत नाही. तो निर्णय अतिदक्षता विभागाचा आहे, वैद्याच्या दवाखान्यातला नव्हे. जुन्या आघाताच्या रुग्णाने चाळीस बैठकांसाठी जमीन गहाण टाकू नये, एवढे आपण निःसंकोच सांगावे.

तरीही कोणी जाणारच असेल, तर एक सूचना अनिवार्य आहे. प्राणवायूने भरलेल्या कक्षात तैल व मलम धोकादायक असतात. ठिणगी पडल्यास आग क्षणात पसरते. अमेरिकेतील ट्रॉय येथे ३१ जानेवारी २०२५ रोजी कक्षास आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. म्हणून बैठकांच्या काळात अभ्यंग, शिरोधारा, नस्य व शिरोबस्ती थांबवावी. केसांतील तेल पूर्ण धुतलेले असावे, कापूरयुक्त बामही लावू नये, वस्त्रे सुतीच असावीत. डोक्याच्या दुखापतीसाठी तेल मागणाऱ्या ग्राहकास ‘रुग्ण प्राणवायूच्या कक्षात जातो काय?’ हे औषधालयाच्या मालकांनीही विचारावे. छातीत हवा साचलेल्या रुग्णास ही चिकित्सा वर्ज्य आहे; कानाचे दुखणे किंवा आक्षेपाचा इतिहास असल्यास तो कक्षाच्या तज्ज्ञास अगोदर कळविणे आवश्यक आहे. चालू औषधांची, आपल्या कल्पांसह, लेखी यादी रुग्णासोबत द्यावी.