सकाळचा डबा कोणाकडे

सांगली

चि. अमेय यास,


परवा फोनवर तू अगदी कळवळून म्हणालास, "मावशी, मी घरात कशालाच नाही म्हणत नाही. केतकी सांगेल ते करतो. तरी ती चिडते." तेव्हा मी फार बोलले नाही. असल्या गोष्टी घाईघाईत फोनवर बोलायच्या नसतात, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. हे पत्र तुला एकट्याला आहे. केतकीशी जे बोलायचं ते मी तिच्याशी बोलेन.

तू कामचुकार नाहीस हे मला ठाऊक आहे. दिवाळीत तुमच्याकडे होते तेव्हा पाहिलं, कपडे वाळत घालतोस, मंडईतून भाजी आणतोस, रात्री ओटा पुसतोस. पण प्रत्येक वेळी केतकीने आधी तोंड उघडलेलं असतं. "दूध संपलंय." "कुकर लाव." "उद्या कचरेवाला येणार नाही, आजच पिशवी खाली ठेव." घरात काय संपलं, काय संपत आलं, उद्या काय लागणार, हे सगळं तिच्या डोक्यात सारखं चालू असतं आणि त्यातलं एकेक काम ती काढून तुझ्या हातात देते. तू ते करून मोकळा होतोस. ती मोकळी होत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली असतानाही तिला आठवतं, विरजण लावायचं राहिलं.

मटकीच्या उसळीचंच घे. तुला आवडते, डब्यात हवी असते. गुरुवारच्या डब्यात उसळ हवी असेल तर मंगळवारी रात्री झोपण्याआधी मटकी निवडून भिजत घालावी लागते. बुधवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसायला लागतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. फडकं कोरडं पडलं तर पाण्याचा हबका मारायचा. मोड हवे तेवढे आले की वेळेवर फ्रीजमध्ये ठेवायची. आमसूल आहे का, गोडा मसाला किती उरलाय, नारळ आहे का, हे बुधवारीच बघून ठेवायचं. मग गुरुवारी सकाळी फोडणीपासून उसळ उतरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. त्या वेळी तू शेजारी उभा राहून कांदा चिरून दिलास, तर तेवढ्याच मिनिटांचा वाटेकरी झालास. मंगळवार आणि बुधवार तिच्याच वाट्याला राहिले.

मी वकिलीची बहुतेक वर्षं मोटार अपघाताच्या दाव्यांत काढली, हे तुला माहीत आहे. नोकरी न करणारी बाई अपघातात गेली, तर तिच्या मागे राहिलेल्यांना नुकसानभरपाई किती द्यायची, हा प्रश्न तिथे सारखा यायचा. पगाराचा दाखला नाही, मग हिशेब कशावर करणार? मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात बिनकमाईच्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं, आणि जोडीदार असेल तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. म्हणजे स्वयंपाक तोच, धुणीभांडी तीच, पण नवरा शिपाई असला तर त्याची किंमत कमी आणि नवरा साहेब असला तर जास्त. मला हे कधीही पटलं नाही.

अशाच एका दाव्यात माझा अशील तासगावकडचा द्राक्षबागायतदार होता. साक्षीला उभं करण्याआधी मी त्याला विचारलं, "तुमच्या मिसेस घरात काय काय करायच्या?" तो म्हणाला, "काही नाही, घरीच असायची." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हेच वाक्य साक्षीत गेलं असतं तर त्याच्या स्वतःच्या तोंडाने त्याचा दावा खाली आला असता. मी प्रश्न बदलला. म्हटलं, "त्या गेल्यापासून घरात काय काय अडलं, ते सांगा." मग तो सांगत सुटला. बागेतल्या माणसांचा चहा, म्हशीची धार, दळण, धाकट्याची वही-पेन्सिल आणि शाळेची बैठक, खताच्या पावत्या कुठल्या डब्यात ठेवल्यात ते, पाहुणे कोणाच्या लग्नाला येऊन गेले आणि आपण कोणाला काय आहेर द्यायचा ते. मी प्रतिज्ञापत्रासाठी लिहून घेत होते. आईच्या साखरेच्या गोळ्यांपाशी आल्यावर त्याला रडू फुटलं. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे त्या घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हातारी काही दिवस गोळ्यांवाचून राहिली होती.

कोर्टांनाही हे उमगायला वेळ लागला. जमशेदपूरला १९८९ मध्ये लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काहीच काम न करणाऱ्यांमध्ये बसवलं होतं. त्याबद्दल न्यायालयाने २०१० च्या निकालात स्वच्छ नापसंती नोंदवली. आणि जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका जोडप्याच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीतले आकडेच निकालपत्रात घेतले. घरातल्या बिनपगारी कामात तेव्हा बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. त्यातही ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची. मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. तू त्या सव्वीस जणांत आहेस, याचा मला आनंद आहे. पण मला तुझ्याकडून याहून जास्त हवं आहे.

त्या बागायतदाराने केली तशी यादी तू आजच कर. केतकी समोर आहे, तिला विचारता येतं. लिहायला तू बस, तिला बसवू नकोस. पंधरवड्यातून, महिन्यातून, वर्षातून एकदा येणारी कामंही लिही: पाहुण्यांच्या गाद्या, पावसाळ्याआधी धान्याला ऊन दाखवणं, दोन्हीकडच्या आईवडिलांचे वाढदिवस, डॉक्टरची अपॉइंटमेंट, गणपतीची तयारी.

यादी झाली की ती मोजून निम्मी निम्मी करू नकोस. माझ्या पाहण्यात असं वाटप करणारी पुष्कळ जोडपी आली आणि बहुतेकांचं एकाच ठिकाणी बिघडलं. घरातली काही कामं घड्याळाला बांधलेली असतात. डबा साडेआठला भरला पाहिजे, दूध आल्याबरोबर तापवलं पाहिजे, रात्री आठ-साडेआठला ताट वाढलं पाहिजे. काही कामं मात्र थांबायला तयार असतात. विजेचं बिल, गाडीचं सर्व्हिसिंग, पंखे पुसणं, बँकेची कामं. रविवारी नाही तर पुढच्या रविवारी. पुरुष बहुतेक वेळा ही थांबणारी कामं उचलतात आणि यादीत दोन्ही बाजूंना दहा-दहा कामं दिसतात. पण ज्याच्याकडे घड्याळाची कामं असतात, त्याची सकाळ आणि संध्याकाळ त्याची उरत नाही. त्याला ऑफिसात उशिरापर्यंत थांबता येत नाही, पहाटे फिरायला जाता येत नाही, ताप आला तरी उठावं लागतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की घड्याळाचं एक मोठं काम संपूर्णपणे तुझ्याकडे घे. सकाळचा डबा घे. दोघांचा. संपूर्ण घे म्हणजे उद्या काय करायचं ते तू ठरवायचं, सामान आहे का ते तू बघायचं, मटकी तू भिजत घालायची, डबे धुऊन कोरडे झालेत का ते तू बघायचं. केतकीला "उद्या काय करू?" असंही विचारायचं नाही. पहिले काही आठवडे डबा साधा होईल. बटाट्याच्या काचऱ्या, कोबी, मुगाची उसळ, पुन्हा काचऱ्या. होऊ दे. तिला कंटाळा आला तर ती सांगेल, तेव्हा नवीन भाजी शिक.

पोळ्यांचं तू म्हणशील हे मला माहीत आहे. पोळीला सरावच लागतो. सुरुवातीला कणीक कधी सैल होते, कधी घट्ट, कडा जाड राहतात. तोवर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आण, पण आणायची आठवण तुझी. आणि रविवारी निवांत लाटून बघत जा. पुरुषाचा हात स्वयंपाकाला वळत नाही, असं म्हणू नकोस. आपल्याकडे हजार पानांच्या लग्नाचा स्वयंपाक करणारे आचारी बहुतेक पुरुषच असतात. ७ जून १९१६ ला विनोबा कोचरबच्या आश्रमात गांधीजींना पहिल्यांदा भेटले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते आणि त्यांनी विनोबांच्याही हातात सुरी दिली. त्या भेटीची आठवण विनोबांनी पुढे स्वतः सांगितली आहे. ताईने, म्हणजे तुझ्या आईने, लग्नात केतकीला 'रुचिरा' दिली होती, ती आता तू वाच. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये लिहिलेलं ते पुस्तक वाटी-चमच्याच्या मापाने चालतं, म्हणून नवशिक्याला अंदाज चुकण्याची भीती राहत नाही.

जे काम तुझं, त्याची पद्धतही तुझी. पण त्याआधी एकदा दोघांनी बसून ठरवा की काम झालं कधी म्हणायचं. तू ओटा पुसतोस, पण शेगडी उचलून खाली पुसत नाहीस, सिंकची जाळी साफ करत नाहीस. मग केतकी मागून येऊन ते करते, तू दुखावतोस आणि ती दमते. शेगडीखाली पुसायचं की नाही हे एकदा ठरवून टाका. ठरल्यावर तिनेही मागून फडकं घेऊन यायचं नाही, हे मी तिला सांगेन.

भांड्यांना आणि फरशीला बाई आहेत, ते चांगलंच आहे. पण त्यांच्याशी बोलायचं, खाडा झाला की फोन करायचा, दिवाळीला बोनस द्यायचा, हे सगळं केतकीच करते. ते तू घे. आणि ज्या दिवशी त्या येत नाहीत त्या दिवशी सिंकमधल्या भांड्यांकडे दोघांपैकी कोण आधी बघतं, ते बघत जा. त्या बाईही पहाटे उठून स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून तुमच्याकडे येतात. त्यांच्यासारख्यांसाठी आपल्या राज्यात २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यांची नोंदणी झाली आहे का ते विचार, झाली नसेल तर कागदपत्रं जमवायला हातभार लाव.

आता ताईचं. हे लिहायला मला अवघड जातं, कारण ती माझी सख्खी बहीण आहे आणि तिने तुला किती जिवापाड वाढवलं ते मी पाहिलं आहे. पण दिवाळीत मी जे पाहिलं ते तुला सांगितलं पाहिजे. ताई यायच्या आदल्या दिवसापर्यंत तू स्वयंपाकघरात होतास. ती आली आणि तू हॉलमध्ये सोफ्यावर. पहिल्या सकाळी तू कणीक मळायला घेतलीस, ताई म्हणाली, "अरे, तू काय करतोयस? सर, दे इकडे," आणि तू परात देऊन बाहेर आलास. परात ताईकडे गेली खरी, पण ताईला तिथे एकटीला उभं ठेवून केतकीला बसणं शक्य होतं का? ती ऑफिसचा कॉल अर्धवट सोडून आत गेली. सासू कणीक मळते आणि सून लॅपटॉप घेऊन बसली आहे, हे चित्र ताईने काही न बोलताही केतकीलाच बोचलं असतं. पुढचे सगळे दिवस तेच चाललं. तू आईला वाईट वाटू नये म्हणून सोडून दिलंस, आणि त्याची किंमत केतकीने मोजली.

ताईच्या मनात केतकीबद्दल वाकडं काही नाही. मुलाला काम करताना पाहिलं की तिचा जीव कासावीस होतो, एवढंच. तिने आयुष्यभर घरातल्या पुरुषांना वाढलं, आणि जेवायला मागून बसली. तुझ्या हातची पोळी तिला कधी मिळालेलीच नाही. तर तिला ती वाढ. "आई, तू बस, आज मी करतो," म्हण, आणि ती परात ओढायला आली तरी सोडू नकोस. दोन दिवस ती कुरकुरेल. तिसऱ्या दिवशी पोळीला तेल कमी पडलं, असं सांगेल. ते ऐक, तिच्याकडून शीक. शेजारच्या काकू येऊन केतकीला म्हणतील, "नशीबवान आहेस गं, असा नवरा मिळाला." तेव्हा गप्प बसून ते कौतुक घेऊ नकोस. डबा माझ्याकडे असतो आणि रात्रीचा स्वयंपाक केतकीकडे, एवढं सरळ सांग.

पुढे घरात मूल आलं की घड्याळाची कामं एकदम वाढतील आणि तेव्हा वाटप करायला दोघांनाही उसंत मिळणार नाही. हात बसायला हेच दिवस आहेत.

ताई पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येणार आहे, असं तिनेच सांगितलं. ती येण्याआधी तिला फोन करून डबा आता तुझ्याकडे आहे हे कळव. ते केतकीला सांगायला लावू नकोस आणि मलाही सांगायला लावू नकोस.

केतकीला आशीर्वाद. कळावे.

तुझी,
सुमनमावशी