बाग-ट्रॅक्टर : वजन आणि पकड

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांभोवती उपनगरे वाढली आणि तेथील प्रशस्त अंगणांसाठी शेतीच्या ट्रॅक्टरची लहान आवृत्ती निघाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१ मध्ये आणि जॉन डिअरचा ‘११०’ १९६३ मध्ये बाजारात आला. दोहोंचे इंजिन प्रारंभी अवघ्या ७ अश्वशक्तीचे होते. भक्कम बांधणीमुळे त्या पिढीतील अनेक ट्रॅक्टर आजही नांगर ओढतात, बर्फ लोटतात. परंतु अशा कामात एक अडचण वारंवार येते : इंजिनात बळ शिल्लक असते, मागची चाके मात्र जागच्या जागी फिरत राहतात.

याचे कारण सोपे आहे. चाकाची ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते : चाकावरील भार आणि चाक व जमीन यांमधील पकड. मागच्या चाकांवर २०० किलोग्रॅम भार असून पकडीचा गुणांक ०.५ असेल, तर ओढ सुमारे १०० किलोग्रॅमपेक्षा अधिक मिळणार नाही. मग इंजिन कितीही मोठे असो. भार ३०० किलोग्रॅम केला की ओढ १५० होते. बर्फावर मात्र हा गुणांकच इतका घटतो की, नुसत्या वजनाने भागत नाही. चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात.

वजन वाढविण्याचे मार्ग तीन. पहिला, चाकांना बिडाच्या चकत्या बोल्टने जखडणे. दुसरा, टायरमध्ये द्रव भरणे. व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक फिरवून त्या पातळीपर्यंत द्रव भरला, की टायर सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. थंड प्रदेशात पाणी गोठते; म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळण्याची प्रथा पडली. या द्रावणाने वजनही वाढते, पण गळती झाल्यास पोलादी रिम गंजते. चकत्या असोत वा द्रव, हा भार चाकच वाहते. आसाच्या बेअरिंगवर तो पडत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मागे वजन टांगणे. येथे तरफेचा नियम लागू होतो. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १२० सेंटिमीटर असून मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे ४० किलोग्रॅम टांगले, तर मागच्या चाकांवर ६० किलोग्रॅम भार वाढतो. हे जादा २० किलोग्रॅम पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. पुढे बर्फ लोटण्याचे अवजार असेल तर हा समतोल हितकारक ठरतो. अन्यथा पुढची चाके हलकी होऊन सुकाणू निकामी होते आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका संभवतो. याच कारणास्तव ओझे नेहमी आसापेक्षा खालच्या बिंदूला जोडावे.

शेवटी एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. घसरणारे चाक ही एक प्रकारची सुरक्षा-झडप असते. भार वाढवून घसरण पुरती थांबविली, तर तो ताण गिअरच्या दात्यांवर येतो. हिरवळ कापण्यापुरत्या बनविलेल्या हलक्या यंत्राची गिअरपेटी अशाने फुटू शकते. मऊ जमिनीत चाकाची थोडी घसरण स्वाभाविकच असते. सुमारे १० ते १५ टक्के घसरण उपकारक मानली जाते. म्हणून काम संपताच जादा वजन उतरवून ठेवावे. त्याने जमीनही विनाकारण दाबली जात नाही.