बालकांचा न्यूमोनिया : कारणाचा शोध

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसांचा संसर्ग. फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत पू किंवा पाणी साचते व रक्ताला प्राणवायू कमी पडू लागतो. संसर्गजन्य रोगांपैकी जगात पाच वर्षांखालील सर्वाधिक बालके या एका रोगाने दगावतात. आम्ही डॉक्टर नव्हे. तथापि वाचनातून जे समजले ते समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

न्यूमोनिया एकाच जंतूमुळे होत नाही. न्यूमोकॉकस व हिब हे जिवाणू, आरएसव्ही व फ्लूसारखे विषाणू, तसेच क्षयाचे जंतू यांपैकी कोणीही कारण असू शकतो. ताप, खोकला, धाप ही लक्षणे मात्र बहुधा सारखीच. एक्स-रे काढल्यास फुप्फुस बिघडले आहे हे दिसते. ते कोणत्या जंतूने बिघडवले हे सहसा समजत नाही.

मग तपासणी का करीत नाहीत? येथेच खरी अडचण आहे. लहान मूल खोकून बेडका बाहेर काढीत नाही. फुप्फुसात सुई घालून नमुना घेणे सर्रास करता येत नाही. न्यूमोनियाचे जिवाणू रक्तात थोड्याच रुग्णांत सापडतात. त्यातही अगोदर अँटिबायोटिक दिलेले असल्यास तपासणीत जिवाणू वाढत नाहीत. नाकातील नमुना घेणे सोपे. पण तेच जंतू निरोगी मुलांच्या नाकातही आढळतात. जंतू सापडला म्हणजे तोच दोषी ठरला, असे होत नाही.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी 'पर्च' नावाचा मोठा अभ्यास झाला. बांगलादेश, थायलंड, केनिया, गांबिया, माली, झांबिया व दक्षिण आफ्रिका या सात देशांत 2011 ते 2014 या काळात एक ते 59 महिने वयाची, रुग्णालयात दाखल झालेली 4,232 आजारी बालके तपासण्यात आली. त्याचबरोबर त्याच वस्त्यांतील, न्यूमोनिया नसलेली 5,119 बालकेही तपासली. आम्हा बँकेतील मंडळींना यातील मर्म चटकन कळते : एकाच बाजूची रक्कम पाहून ताळा जुळत नाही. जो जंतू आजारी मुलांत पुष्कळ व इतर मुलांत क्वचित आढळतो, त्याच्यावरच संशय बळावतो.

निष्कर्ष 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एचआयव्ही नसलेल्या व एक्स-रेमध्ये दोष दिसलेल्या बालकांत सुमारे 61 टक्के न्यूमोनिया विषाणूंमुळे, 27 टक्के जिवाणूंमुळे व 6 टक्के क्षयाच्या जंतूंमुळे असल्याचा अंदाज निघाला. एकट्या आरएसव्हीचा वाटा 31 टक्के होता. यांतील बहुतेक ठिकाणी हिबची लस अगोदरपासून दिली जात होती, हेही ध्यानात ठेवावे.

विषाणूंवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. तर मग ते औषध बंद करावे काय? मुळीच नाही. हे आकडे समूहाचे आहेत. समोरच्या एका बाळाला कोणता जंतू झाला, हे ते सांगत नाहीत. जिवाणूंचा न्यूमोनिया उपचाराविना जीव घेऊ शकतो, म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक देतात. ते मनाने बंद करू नये आणि साध्या सर्दीला दुकानातून मनाने आणूही नये.

आपल्या हाती काय आहे? बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची सूचना. पोट उडत असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ग्लानीत असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आणि लस चुकवू नये. हिबविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असून ती 6, 10 व 14 आठवड्यांना देतात. न्यूमोकॉकसची लस आपल्या देशात 2017 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली व 2021 मध्ये सर्वत्र पोहोचली. ती 6 व 14 आठवड्यांना आणि 9 महिन्यांना देतात. दोन्ही लसी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आपल्या वस्तीतील कोणत्या बाळाचा डोस राहिला आहे, याची चौकशी आपल्या विद्यार्थ्यांनी लसीकरण कार्ड पाहून केली, तर या अभ्यासाचा उपयोग आपल्या दारापर्यंत येईल.