तापलेला ड्रम

चाकाबरोबर फिरतो तो ओतीव लोखंडाचा ड्रम. त्याच्या पोटात, न फिरणाऱ्या ब्रेकप्लेटवर, दोन अर्धगोल शू बसवलेले असतात. त्यांच्या पाठीवर रिव्हेटने लायनर जडवलेला असतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलचा दाब नळीतून व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो, तिथले पिस्टन शूंना बाहेर रेटतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. पाय उचलला की स्प्रिंग शू मागे खेचून घेते.

यातली गंमत पुढच्या शूत आहे. फिरता ड्रम त्याला सोबत ओढू पाहतो आणि त्या ओढीनेच तो आणखी घट्ट रुततो. मागच्या शूला ड्रम उलट लोटून देतो, म्हणून दोन्ही लायनर सारखे झिजत नाहीत. एखाद्या चाकाच्या लायनरवर एक्सलचे ऑइल झिरपले, तर ते चाक धरत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते.

ब्रेक वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट. ड्रम मागून झाकलेला, त्यामुळे ती सावकाश बाहेर पडते. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, पेडल खोल जाऊ लागते. लायनरची पकडही उतरते. त्यात ऑइल जुने असेल तर आणखी वाईट. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० वर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, आणि पेडल थेट फळीला टेकते.

प्रस्तुत लेखकाची चूक झाली ती कसारा घाट उतरल्यावर. जुन्या बेडफर्ड ट्रकचे पेडल खोल गेले होते. ड्रमवर पाण्याचा थेंब चरचरत असतानाच पाना लावून शू आवळण्यात आले. पेडल वर आले, समाधानही वाटले. चहा होईपर्यंत ड्रम गार होऊन आकसला आणि शूंवर आवळून बसला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरले, ट्रक हलेना. चाकांना दगड लावून शू पुन्हा सैल करावे लागले. ट्रक हलला असता तर लायनर घासत जाऊन ड्रम पुन्हा तापला असता, तेही कोणाच्या ध्यानात न येता.

शू आवळायचे ते गार ड्रमवरच: चाक जॅकवर उचलावे, हाताने फिरवत शू टेकेपर्यंत आवळावा आणि चाक मोकळे फिरेल इतका मागे सोडावा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकवर सतत पाय ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून सोडावा. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण पेडलला इंजिनच्या जोरावर मिळणारी व्हॅक्यूम सर्वोची मदत दोन-चार दाबांत संपते. अशा जुन्या बऱ्याच ट्रकांत सगळ्या चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली की चारही कोपरे गेले.

ड्रम उतरवला की हातोडीने हलके ठोकून पाहावा. शाबूत ड्रम घणघणतो, तडा गेलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. रिव्हेटची डोकी लायनरच्या पातळीला येण्याआधीच लायनर बदलावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.