सहा प्रश्न

कोलकात्यातील एस्प्लनेडवरून ईडन गार्डन्सच्या दिशेने पश्चिमेकडे चालत गेले, की थोड्याच वेळात हुगळीचा काठ लागतो. ह्याच नदीवरील बंदरातून ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या. व्हिसा, विमा, परीक्षांचे गुण ही आजची यादी त्यांच्यापुढे नव्हती. परंतु परदेशी निघणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला काय विचारावे, हे त्यांच्या तयारीवरून आजही शिकण्यासारखे आहे.

पती गोपाळराव त्या वेळी नदीच्या वरच्या अंगास असलेल्या श्रीरामपूर येथे टपाल खात्यात होते. तेथील महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले आणि लोक विचारीत होते ते सहा प्रश्न एकेक करून घेतले. अमेरिकेसच का? येथे सोय नाही काय? एकटीच का? परतल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? तेथे संकट आले तर? आणि कोणी स्त्री करीत नाही ते आपणच का करावे?

पहिल्या दोहोंची उत्तरे माहितीवर उभी होती. मद्रासचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या विचारातून सुटले नव्हते; तेथील शिक्षण स्त्रियांना अपुरे पडते, असे त्यांचे मत होते. एकटीने जाण्याचे कारण रोखठोक होते: गोपाळरावांवर कुटुंबाचा भार होता. खर्चासाठी दागिने विकले. राहण्याचा प्रश्न न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंशी चाललेल्या दीर्घ पत्रव्यवहाराने सोडविला. अनोळखी देशात एक घर आपले असावे, ही दूरदृष्टी मला शिष्यवृत्तीहूनही मोलाची वाटते.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र धैर्याचे होते, योजनेचे नव्हे. संकट कोठेही येऊ शकते, हे खरेच. पण डोकेदुखी आणि ताप हिंदुस्थानातच त्यांच्या मागे लागले होते. कार्पेंटरबाई अमेरिकेतून औषधे पाठवीत असत. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडू लागल्या, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. आहार शाकाहारीच राहिला. प्रकृती खालावत गेली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागाही ठरली. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई परतल्यावर तेथे रुजू होऊ शकल्या नाहीत; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवलेली आहे.